पाइप घसरतो तेव्हा नशीब कुठे असते?

२०१९ पासून जलजीवन मिशनची कामे आली आणि कर्जत-खालापुरात वाड्यावाड्यांच्या वाटेला पाइपांचे ढीग दिसू लागले. पाणी हवेच, चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्यांनी नळाला विरोध करायचा प्रश्नच नाही. पण तो पाइप वाडीपर्यंत कोणाच्या खांद्यावरून येतो? आम्ही पाहतो ते खांदे कातकरी, ठाकूर आणि आपल्या बौद्धवाड्यांतल्या पोरांचे आहेत.

गेल्या पावसाळ्यात कशेळ्याच्या बाजूला एका कामावर ढीग घसरून एका पोराचा पाय चेचला. कंत्राटदार म्हणाला, "नशीब." वाईट याचे वाटले की पोराची आईही तेच म्हणाली. १९५६ ला आपण नशीब सोडले ना? आम्ही जागा पाहिली. पाइप उतारावर, ओल्या मातीवर थेट रचलेले. खाली लाकडी ओंडके नाहीत, कडेला पाचर नाही. त्यात वरचे ठेवून खालचा ओढायला लावला.

वजनाचा हिशोबही कोणी करत नाही. चार इंची, मध्यम जाडीच्या लोखंडी पाइपची सहा मीटर लांबी सुमारे ७२ किलो भरते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची १९६७ ची शिफारस एका पुरुषाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोवर आणायला सांगते. इथे तो एकट्याच्या खांद्यावर चढतो, आणि नाही म्हणणाऱ्याच्या "अंगात दम नाही"! दोघांनी उचलावा, दोघांनी एकाच बाजूच्या खांद्यावर घ्यावा, हाक देऊन एकदम ठेवावा. ट्रकची दोरी सुटताना पाइप ज्या बाजूला कोसळतील तिथे कोणी उभे राहू नये. विजेच्या तारेखाली पाइप उभा करू नये, चराच्या काठाला ढीग लावू नये. काळ्या प्लास्टिक पाइपचे वेटोळे साधे वाटते. बांधणी कापली की उसळून तोंडावर येते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूर खात्याचे मंत्री होते, हे आपण दर जयंतीला सांगतो. कंत्राटदाराच्या मजुराला इजा झाली तर मूळ काम देणाऱ्यावरही भरपाईची जबाबदारी येते, हे १९२३ च्या कायद्यापासूनचे आहे. ते मात्र वाडीत कोणी सांगत नाही. आम्हीही दोषी आहोत. दवाखान्यात पोचतो, अर्ज लिहितो, मोर्चा काढतो. ट्रक रिकामा होताना तिथे आमच्यातला कोणी नसतो.

पुढचा ट्रक येईल तेव्हा आमच्यातले दोघे तिथे असतील. ओंडके आणि पाचरी जागेवर आल्याशिवाय एकही पाइप उतरवायचा नाही, असे पोरांशी ठरले आहे. कंत्राटदाराला अजून सांगितलेले नाही.