३० चे ८६

आमचा वाडा पाडायचं ठरलं, तेव्हा घरच्यांनी पितळी भांडी वाटून घेतली. मी फक्त जिना मागितला. म्हणजे जिन्याचा फोटो! तोही बाबांच्या जुन्या कॅमेऱ्यावर, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये, रात्री, एका पिवळ्या बल्बच्या उजेडात.

ट्रायपॉड लावला. मीटर म्हणाला, ३० सेकंद. मी इमानदारीत ३० दिले. रोल धुऊन आला, तर बल्ब झकास आणि जिना जवळजवळ गायब!

‘अरे, फिल्मपण दमते,’ लॅबवाले काका हसले. याला म्हणतात रेसिप्रॉसिटी फेल्युअर. फिल्मवरच्या चांदीच्या क्षाराच्या कणाला थोडक्या वेळात पुरेसे प्रकाशकण मिळाले, तरच ठसा टिकतो. एक आला आणि पुढच्यानं उशीर केला, की पहिल्याची मेहनत वाया. आपलं नाही का, रात्री अकरानंतर ऑफिसात तासाभराच्या कामाला तीन तास लागतात? तसंच.

उपाय सोपा आहे. साधारण एका सेकंदाच्या पुढे गेलात, की वेळ वाढवायचा. माझी फिल्म होती इलफर्डची एचपी ५ प्लस. तिच्यासाठी कंपनीनंच आकडा दिलाय, १.३१. मीटरनं सांगितलेल्या सेकंदांचा १.३१ वा घात काढायचा. १० चे होतात २०, ३० चे ८६ आणि ६० चे चक्क साडेतीन मिनिटं! एफपी ४ प्लसला हाच आकडा १.२६. प्रत्येक फिल्मचा वेगळा, तेव्हा आधी बघून घ्या. आणि हो, उजळ भाग अंधाऱ्या भागाइतके दमत नाहीत, त्यामुळे बल्ब फटफटीत होऊ शकतो. लॅबला डेव्हलपिंगचा वेळ थोडा कमी करायला सांगा.

सोमवारी किल्ल्या द्यायच्या होत्या. शनिवारी रात्री पुन्हा गेलो. आजी म्हणाली, ‘मीपण बसते.’ तिसऱ्या पायरीवर, कठड्याला धरून बसली. ‘हलू नकोस हं,’ म्हणून मी ८६ पर्यंत मोजायला लागलो. चाळीसच्या आसपास तिनं मान वळवून वरच्या बंद दाराकडे पाहिलं. मी मोजत राहिलो.

या वेळी जिना आला, प्रत्येक पायरीच्या झिजलेल्या कडेसकट. कठड्यावरचा आजीचा हातही लख्ख. चेहरा मात्र पुसट.

‘एवढा वेळ लावलास,’ प्रिंट बघून आजी म्हणाली, ‘आणि चेहराच नाही आला!’

तोच फोटो आता तिच्या नव्या फ्लॅटमध्ये, देवघराशेजारी लावलाय. तिनंच.