एका सालाची गोष्ट : इ. स. १२९०



तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरच्या वाटेला लागली, की शेळगावच्या परिसरात 'ज्ञानोबा-तुकाराम'चा गजर घुमतो. यातल्या ज्ञानोबांची ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये पूर्ण झाली. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतं. आलं ना १२९०? (जानेवारी ते गुढीपाडवा या दिवसांसाठी मात्र ७९ मिळवायचे.) चला तर, या एका सालात जगाची चक्कर मारू या!

आधी स्कॉटलंड. तिथली राणी मार्गारेट होती फक्त सात वर्षांची! नॉर्वेहून जहाजानं राज्याकडे निघालेली ही चिमुरडी वाटेतच, ऑर्कने बेटांवर वारली. मग काय, गादीसाठी डझनभर दावेदार उभे राहिले आणि पुढं इंग्लंडशी लढाया जुंपल्या.

इंग्लंडमध्ये राज्य होतं पहिल्या एडवर्डचं. त्यानं याच साली सगळ्या ज्यू लोकांना देश सोडायचा हुकूम दिला. पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं बेघर झाली. साडेतीनशेहून अधिक वर्षं त्यांना तिथं उघडपणे राहता आलं नाही.

इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये दांते हा पंचविशीतला कवी होता. विद्वानांची भाषा लॅटिन. पण यानं पुढं आपलं महाकाव्य रचलं ते लोकांच्या बोलीत.

चीनमध्ये कुब्लाईखान राज्य करत होता. दिल्लीत जलालुद्दीन खिलजी नुकताच तख्तावर आला होता.

आणि आपल्याकडे? देवगिरीला रामचंद्र यादव राजा होता. बारामती-इंदापूरचा मुलूखही यादवांचाच. त्याच राज्यात, नेवाशाला, ज्ञानदेव गीतेचा अर्थ मराठीत सांगत होते आणि सच्चिदानंदबाबा तो लिहून घेत होते. परंपरा सांगते, ज्ञानदेव तेव्हा अवघे पंधरा वर्षांचे होते. म्हणजे दहावीतल्या दादा-ताईएवढे! संस्कृत न येणाऱ्या बायाबापड्यांनाही गीता कळावी, ही त्यांची तळमळ. ग्रंथाच्या शेवटी शके १२१२ आणि राजा रामचंद्र, दोन्हींचा उल्लेख आहे.

एडवर्डचा तो हुकूम कधीच मोडीत निघाला. यादवांचं राज्यही गेलं. ज्ञानेश्वरीची पारायणं मात्र आजही गावोगाव होतात.

आता तुमच्यासाठी कोडं. ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली ती शके १२१८च्या कार्तिकात. तेव्हा इसवी सन कोणतं? आणि त्याच साली देवगिरीवर कोण चालून आलं? आई-बाबांना लगेच विचारू नका हं, आधी इतिहासाचं पुस्तक उघडा!