नळी कोणाच्या हातात?

अमेरिकेत माणूस आपले घर स्वतः रंगवतो, बागेतले गवत स्वतः कापतो आणि दुकानातल्या सामानाचे बिलसुद्धा आता यंत्रापुढे उभा राहून स्वतःच करतो. अशा त्या देशात एक राज्य असे आहे, की जिथे स्वतःच्या मोटारीत स्वतःच्या हाताने पेट्रोल भरलेले कायद्याला चालत नाही. ते राज्य म्हणजे न्यू जर्सी. आपल्याकडच्या पुष्कळ घरांना हे नाव परके नाही. एडिसन, आयसेलिन ही तिथली गावे पुण्या-ठाण्याच्या दिवाणखान्यांत आता सातारा-सांगलीइतक्या सहजपणे उच्चारली जातात. माझी मुलगीही तिकडेच असते. तिच्याकडे मुक्कामाला गेलो असताना हा कायदा मला कळला आणि तेव्हापासून तो डोक्यातून गेलेला नाही.

कायदा १९४९ सालचा आहे. त्यात कारणे दिली आहेत ती अशी : पेट्रोल हा पेट घेणारा पदार्थ आहे, गिऱ्हाईक इंजिन बंद करील, सिगारेट विझवील याचा भरवसा नाही, वाफा आरोग्याला अपायकारक आहेत, शिवाय जिथे दोन्ही सोयी असतात तिथे माणसाच्या हातून भरून घेण्याचा दर चढा ठेवतात आणि त्यामुळे गरिबांवर अन्याय होतो. कारणे वाचून मान डोलवावीशी वाटते. पण कायद्यात लिहिलेली कारणे आणि कायदा होण्याची कारणे नेहमी एकच असतात असे नाही. १९४७ साली लॉस एंजेलिसमध्ये फ्रँक युरिच नावाच्या माणसाने 'स्वतः भरा, पाच सेंट वाचवा' अशा धर्तीची पाटी लावून पंप काढला आणि त्याच्याकडे झुंबड उडाली. न्यू जर्सीतही हॅकेनसॅक गावाजवळ एकाने तोच प्रयोग केला, गॅलनमागे तीन सेंट कमी घेतले, आणि बाकीच्या पंपवाल्यांनी बिचकून विधिमंडळाचे दार ठोठावले, अशी हकीकत तिथे सांगतात. म्हणजे सुरक्षिततेच्या पांघरुणाखाली स्पर्धेची भीतीही झोपलेली होती.

पुढे १९७३च्या तेलसंकटानंतर भाव भडकले आणि एकेका राज्यात 'स्वतः भरा'ची पद्धत रूढ झाली. न्यू जर्सीसारखीच बंदी ऑरेगन राज्यात १९५१पासून होती. तिथे २०१८ साली विरळ वस्तीच्या भागांत ती सैल केली, २०२०मध्ये करोनाच्या साथीत काही काळ बाजूला ठेवली, आणि ऑगस्ट २०२३मध्ये राज्यपालांनी सही करून ती उठवली. आता पन्नासांपैकी न्यू जर्सी एकटेच उरले आहे. तिथल्या लोकांना मात्र त्याची लाज नाही, उलट अभिमानच आहे. 'जर्सीच्या मुली पेट्रोल भरत नाहीत' अशा अर्थाच्या चिकटपट्ट्या मोटारींवर दिसतात. २०२२ साली रटगर्स विद्यापीठाने केलेल्या पाहणीत सुमारे ७३ टक्के लोकांनी, आमचे पेट्रोल दुसऱ्यानेच भरलेले बरे, असे सांगितले.

उलट बाजूही ऐकली पाहिजे. स्वतः भरणारा म्हणतो, दोन मिनिटांच्या कामासाठी मी कुणाची वाट का पाहावी? त्या माणसाचा पगार अखेर माझ्याच बिलातून जातो ना? यात तथ्य आहे. न्यू जर्सीत माणसे ठेवूनही पेट्रोल शेजारच्या न्यूयॉर्कपेक्षा वर्षानुवर्षे स्वस्त मिळत असे, हे उदाहरण नेहमी दिले जाते. पण ती करामत माणसांची नव्हती, कमी कराची होती. १ नोव्हेंबर २०१६ रोजी तिथला कर गॅलनमागे २३ सेंटने वाढला आणि त्या युक्तिवादातली हवा बरीचशी गेली. तेव्हा नोकर ठेवणे फुकट पडते, असे कुणी सांगू नये. प्रश्न निराळा आहे. नोकर काढला तर वाचलेले पैसे कोणाच्या खिशात जातात आणि त्याचे काम कोणाच्या डोक्यावर बसते?

हा प्रश्न मला पंपावर पडला नाही. तो मी बँकेतून घेऊन आलो आहे. मी १९८३ साली बँकेत कारकून म्हणून लागलो. पुढच्याच वर्षी डॉ. रंगराजन समितीने बँकांत यंत्रे आणण्याचा आराखडा दिला. नोकऱ्या जातील म्हणून आमच्या संघटना धास्तावल्या होत्या. यंत्रे आली, आणि त्यांनी पुष्कळ भले केले, हे मान्य करायलाच हवे. पितळी टोकन हातात धरून तासभर बाकड्यावर बसणारी माणसे मी पाहिली आहेत. रात्री अकरा वाजता आजारी मुलासाठी पैसे काढता येणे ही लहान गोष्ट नाही.

पण त्याबरोबर आणखी एक झाले. एका शाखेत असताना वरून परिपत्रक आले, की अमुक रकमेच्या आतली उचल खिडकीवर न देता गिऱ्हाइकांना एटीएमकडे वळवावे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नवऱ्याचे कुटुंबनिवृत्तिवेतन घ्यायला एक आजी येत. अंगठा उठवत, पैसे पदराच्या गाठीत बांधत, कॅशियरला "तुझ्या पोराचा खोकला थांबला का रे?" असे विचारत आणि जात. त्यांना कार्ड दिले गेले. यंत्रापुढे त्या दोनदा उभ्या राहिल्या, मग रखवालदाराला म्हणाल्या, "बाबा, तूच काढून दे." गुप्त आकडा त्यांनी कार्डाच्या पाकिटावर लिहून घेतला होता. रखवालदार भला होता. तो नसे तेव्हा रांगेतला मागचा कुणीही भला निघेल, या भरवशावर आजी आपले सगळे उत्पन्न अनोळखी हातात देत होत्या.

यंत्राने कॅशियरचे काम नाहीसे केले नव्हते. ते आजींवर टाकले होते; आजींना जमेना म्हणून ते रखवालदारावर गेले, आणि त्याला त्याचा एक पैसाही जास्त मिळत नव्हता. 'स्वयंसेवा' या गोड शब्दाचा हा हिशेब ताळेबंदात कुठेच दिसत नाही. शिवाय सुरुवातीला हे सारे फुकट असते. सवय लागली की ठरावीक खेपांनंतर आपलेच पैसे आपल्याच हाताने काढण्याचे शुल्क आपल्याच खात्यातून कापले जाते.

आता आपल्याकडच्या पंपाकडे वळू. आपल्या देशात नव्वद हजारांहून अधिक पंप आहेत. एकेका पंपावर सगळ्या पाळ्या मिळून सहाच माणसे धरली, तरी आकडा पाच लाखांच्या पुढे जातो. ही माणसे कोण? दहावी-बारावीला अडखळलेला, गावाकडून आलेला मुलगा. बाहेरून पदवी करणारा, रात्रपाळी घेणारा विद्यार्थी. अलीकडे गणवेश घालून आत्मविश्वासाने उभ्या असलेल्या मुली. हैदराबादेत चंचलगुडा कारागृहाच्या पंपावर तर शिक्षा भोगणारे कैदी हे काम करतात आणि लोक त्यांच्या हातात निर्धास्तपणे नोटा देतात. शहरात पाय ठेवणाऱ्याला ज्या थोड्या दारांतून आत येता येते, त्यातले हे एक दार आहे. एडिसनच्या पंपावर मला भेटलेले लुधियानाकडचे गृहस्थही तेच म्हणाले. इंग्रजी येत नव्हते तेव्हा इथेच काम मिळाले, आणि आता मुलगी कॉलेजात आहे.

"काका, झीरो बघा," हे आपल्या पंपावरचे वाक्य. त्यामागे आपला अविश्वास आहे, आणि तो अगदीच अनाठायी नाही. नळी आपल्या हातात आली तर फसवणूक थांबेल, असे म्हणणारे मला भेटतात. त्यांना २०१७ सालची आठवण द्यावीशी वाटते. त्या वर्षी उत्तर प्रदेशात पोलिसांनी छापे घातले आणि पाठोपाठ आपल्या ठाणे पोलिसांनीही कारवाई केली. तेव्हा माप मारण्यासाठी बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक करामती सापडल्या त्या यंत्राच्या पोटात. तिथे नळी कोणी धरली याला काही अर्थ नव्हता. पोराच्या हाताकडे डोळे वटारून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला यंत्राच्या पोटात काय आहे ते दिसत नव्हते. तिथे लागते ते वजनमापे खात्याचे जागे निरीक्षण.

याच पोरांनी अडचणीच्या वेळी काय केले, तेही विसरू नये. नोव्हेंबर २०१६मध्ये जुन्या नोटा बंद झाल्या, तेव्हा २ डिसेंबरपर्यंत त्या पंपांवर चालत होत्या. काही निवडक पंपांवर कार्ड घासून दोन हजार रुपये रोखही मिळत. बँकांपुढे रांगा लागलेल्या असताना पंपावरचा मुलगा कॅशियर झाला होता. २०२०च्या टाळेबंदीत रुग्णवाहिकांना इंधन देत तोच उभा होता. नुसत्या यंत्राकडून असे काही होत नाही. जे काम यंत्रात आधी घालून ठेवलेले नाही, ते त्याला सुचत नाही.

मी या नोकरीचे गोडवे गात नाही. आठ-दहा तास उभे राहायचे, विदर्भातल्या मे महिन्यात तापलेल्या फरशीवर उभे राहायचे, आणि पेट्रोलच्या वाफांतले बेंझीन हुंगत राहायचे. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, हे वैद्यकाने केव्हाच सिद्ध केले आहे. म्हणून 'पोरांना असेच उभे ठेवा, आम्हांला बरे वाटते' असे म्हणणे हा निव्वळ आपमतलबीपणा होईल. त्याची नोकरी टिकावी असे वाटत असेल, तर त्याची मजुरी, त्याचे आरोग्य, त्याची बसायची खुर्ची यांचीही विचारपूस केली पाहिजे.

जगाने यावर निरनिराळे तोडगे काढले आहेत. ब्राझीलने २००० साली कायदा करून स्वयंसेवा पंपांना सरळ बंदीच घातली. जपानने उलट १९९८ साली परवानगी दिली, पण आत बसलेल्या जाणकार माणसाने नजर ठेवून बटण दाबल्याशिवाय नळीतून पेट्रोल येत नाही. अमेरिकेत १९९०च्या अपंग हक्क कायद्यामुळे, एकटाच नोकर असेल ती वेळ सोडली, तर अपंग गिऱ्हाइकाने मागितल्यावर मदत द्यावीच लागते, तीही स्वयंसेवेच्याच दराने. आणि ऑरेगनने बंदी उठवताना दोन अटी घातल्या : मोठ्या लोकवस्तीच्या भागांत किमान निम्म्या नळ्यांवर माणूस हवा, आणि स्वतः भरा की भरून घ्या, दर एकच.

मला ऑरेगनचा सौदा शहाणपणाचा वाटतो. बंदीत हट्ट आहे. मोकळीक देऊन हात झटकण्यात निष्ठुरपणा आहे. ऑरेगनने ज्याला घाई आहे त्याला नळी दिली, ज्याला जमत नाही त्याचा मान राखला आणि मदतीवर दंड बसू दिला नाही. मुख्य म्हणजे हे सगळे बदल होण्याआधी कागदावर लिहून घेतले. आम्ही बँकवाले एक गोष्ट शिकलो आहोत, की कर्ज देण्यापूर्वी जी अट लिहिली जात नाही, ती नंतर कुणी पाळत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न उद्याचा आहे असे समजू नका. विजेवरच्या गाड्यांची चार्जिंग केंद्रे रस्तोरस्ती उभी राहत आहेत. त्यांतल्या कित्येक ठिकाणी एकही माणूस नसतो. मोबाइल, ॲप आणि केबल, एवढाच संसार. पंपावरचा पोरगा कायद्याने नव्हे, तर अशा शांतपणे जाईल, आणि तो गेल्याचे आपल्या लक्षातही येणार नाही. म्हणून आत्ताच, परवाने देतानाच, सरकारने आणि कंपन्यांनी दोन-तीन गोष्टी मान्य कराव्यात. मागेल त्याला मदत, आणि तीही जादा आकार न घेता. वर्दळीच्या प्रत्येक केंद्रावर निदान एक माणूस. आणि आज नळी धरणाऱ्या मुलांना उद्याची केबल, मीटर, दुरुस्ती हाताळण्याचे शिक्षण. यातले काहीच अशक्य नाही, आणि फार खर्चाचेही नाही. त्या खर्चाचा चार आण्यांचा वाटा माझ्या बिलात आला, तर एक गिऱ्हाईक म्हणून मी तो आनंदाने देईन.