छताला भोक, वर त्याचेच पैसे

कोकणात मे संपत आला की घरं शाकारतात. फुटकी कौलं बदलायची, पन्हळीतला पालापाचोळा काढायचा. पाणी आत येऊ नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चाललेली ही खटपट. आणि तीच माणसं गाडी घेताना पहिला प्रश्न विचारतात, "सनरूफ आहे ना?"

सनरूफ गळतं, एवढीच माझी तक्रार नाही. थोडं पाणी आत येणार, हे धरूनच ते बनवलेलं असतं. काचेभोवतीचं रबर सगळं पाणी अडवत नाही. झिरपलेलं पाणी काचेखालच्या पन्हळीत जमतं आणि कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून, गाडीच्या खांबांच्या आतून खाली उतरतं. गाडी झाडाखाली उभी राहिली, धूळ-पाला साचला, की नळी तुंबते. मग पाणी छताच्या अस्तरात, तिथून मॅटखाली, वायरिंगपर्यंत. मुंबईत वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, महाबळेश्वरात ५००० च्या वर. तिथे या नळ्या म्हणजे गाडीची पन्हळच.

पण शोरूममध्ये हे कोण सांगतं? माझ्या गाडीत दुसऱ्याच पावसाळ्यात कुबट वास सुटला. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "नळ्या चोकअप झाल्यात, वॉरंटीत बसत नाही." मॅन्युअल चाळलं. या नळ्या साफ करायच्या असतात, असं एक वाक्यही त्यात नव्हतं.

बरं, ते उघडायचं कधी? एप्रिल-मेमध्ये ऊन डोक्यावर येतं म्हणून पडदा ओढलेला. पावसाळ्यात प्रश्नच नाही. थंडीत शहराची धूळ. उरलेल्या चार संध्याकाळी लोक पोरांना वर उभं करतात. जोरात ब्रेक लागला तर ते पोर कशाने अडणार? बाकी वर्षभर आपण छतावर काचेचं नि मोटरचं वजन वाहतो आणि उंच माणूस मान वाकवून बसतो.

"नको असेल तर घेऊ नका," असं म्हणणाऱ्यांनी व्हेरिएंटची यादी बघावी. चांगले फीचर्स हवे असतील तर अनेकदा सनरूफ गळ्यात पडतंच.

म्हणून मागणी साधी आहे. वरच्या व्हेरिएंटमध्ये सनरूफ नसलेला पर्याय द्या. नळ्यांची सफाई पावसाळ्याआधीच्या सर्व्हिसमध्ये धरा. आणि तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा सेल्समनला सनरूफ उघडून दाखवायला सांगू नका. पाणी कुठून बाहेर जातं, ते दाखवायला सांगा.