ओगराळ्याचा हिशेब

धर्मादाय संस्थांच्या कारभारात ‘गुणवत्ता व्यवस्थापन’ हा शब्दप्रयोग आता रुळला आहे. प्रमाणपत्रे, लेखापरीक्षण, वार्षिक अहवाल ही त्याची दृश्य अंगे. इस्लामी संस्थाही याला अपवाद नाहीत, आणि त्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच, की ही गुणवत्ता मोजायची कोणाच्या बाजूने : देणाऱ्याच्या की घेणाऱ्याच्या?

हिशेबाची शिस्त या परंपरेला बाहेरून शिकावी लागलेली नाही. जकात हा शब्द आपल्याकडे नाक्यावरच्या कराला चिकटला. मुळात ते धर्माने बंधनकारक केलेले दान. त्याच्या विनियोगाच्या ज्या आठ बाबी कुराणात आहेत, त्यांत जकात गोळा करणाऱ्या सेवकांचाही वाटा आहे. व्यवस्थापनाचा खर्च लपवून करावा असा नव्हे, तो दानाचाच मान्य भाग होय. मलेशियातील अनेक संस्था हा वाटा एक-अष्टमांश, म्हणजे १२.५ टक्के धरतात.

परंतु आम्हांस अधिक बोलके वाटते ते जेरुसलेमचे अन्नछत्र. ऑटोमन सुलतान सुलेमान याची पत्नी हुर्रेम हिने ते १५५२च्या सुमारास उभारले. त्याच्या वक्फनाम्यात उत्पन्नाच्या गावांची तरतूद आहेच. पण सकाळी तांदळाची पेज, संध्याकाळी भरड गव्हाची, शुक्रवारी व सणाला विशेष पक्वान्न, हेही त्यात नोंदले आहे. सुमारे ४०० गोरगरिबांच्या वाट्याला ओगराळ्यातून काय पडावे, याची काळजी दात्रीने कागदावर आणली. कागद म्हणजे अंमल नव्हे, हे खरे; पण कसोटी कोणती, हे तरी तो सांगतो.

आज रमजानमध्ये शिध्याची पिशवी घेणाऱ्या स्त्रीचे छायाचित्र अहवालात छापले जाते. दाते पुरावा मागतात, असे यावर उत्तर मिळते. मागणी रास्त आहे. पण पुराव्याला चेहरा कशाला हवा? शिधा कोणत्या प्रतीचा होता, वेळेवर पोचला का, तक्रार ऐकून घेतली गेली का, हे नाव न उघडताही नोंदवता येते. गुप्तदानाला श्रेष्ठ मानणाऱ्या परंपरेत तरी हे अवघड जाऊ नये. हा दोष एकट्या इस्लामी संस्थांचा नव्हे. आपणां सर्वांचाच आहे. पावती दात्याला मिळतेच. घेणाऱ्याची मान ताठ राहिली की नाही, हा रकाना मात्र अजून कोराच आहे.