उरल्या तुकड्यांची फळी

गेल्या दिवाळीत शहाडच्या एका सुतारमामांकडून साग-शिसवीचे उरलेले तुकडे आणून भाजी चिरायची फळी केली. शोभेसाठी दोन्ही टोकांना आडव्या पट्ट्या चिकटवल्या. चैत्रात फळी मधोमध तडकली!

मामा हसले. "अहो, लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगतं, उन्हाळ्यात रुंदीतच आकसतं, लांबीत फारसं हलत नाही. तुमच्या आडव्या पट्टीनं त्याची वाट अडवली."

वाचकहो, यंदा सगळ्या पट्ट्यांचे रेषे एकाच दिशेने ठेवले. सरस पाण्याने सुटतो, म्हणून पाण्याला दाद न देणारा गोंद लावून पट्ट्या दिवसभर आवळून ठेवल्या. रंगवलेले तुकडे व प्लायवुड वगळले. मग रंधा, काचकागद. सोनेरी-काळे पट्टे खुलले. निराळी शोभा हवी कशाला?