जोगवा सोडणारा तायप्पा, ‘ती’ होणारी विद्या

बीदर जिल्ह्यातली भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण, आणि पलीकडे कलबुर्गी जिल्ह्यातलं आळंद. इथल्या कितीतरी घरांत बोलणं मराठीत आणि तहसीलचे कागद कन्नडमध्ये. १९५६ साली जुना बीदर जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा मुंबई राज्यात, म्हणजे पुढच्या महाराष्ट्रात आले; भालकी-हुमनाबाद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. त्या दुखण्याबद्दल खूप बोललं जातं. पण त्यातूनच घडलेल्या प्रेक्षकाबद्दल कुणी बोलत नाही. दोन्ही भाषांतले सिनेमे त्याला सबटायटलशिवाय कळतात.

या प्रेक्षकासमोर दोन सिनेमे लागोपाठ लागायला हवेत.

पहिला राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ (२००९). राजन गवस यांच्या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची कथा यांवर तो उभा आहे. तायप्पाला देवीच्या नावानं जोगता केलं जातं, साडी नेसवली जाते. त्याच्या मनाला कुणी विचारत नाही. सुली नावाच्या जोगतिणीवर त्याचा जीव जडतो आणि तो लादलेलं जोगतेपण झुगारतो. उपेंद्र लिमये यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

दुसरा बी. एस. लिंगदेवरू यांचा कन्नड ‘नानु अवनल्ल... अवळु’ (२०१५), म्हणजे ‘मी तो नाही, ती’. लिव्हिंग स्माइल विद्या यांच्या आत्मकथेवरचा. इथे मादेशाला साडी हवी आहे, आणि ती नेसू नये म्हणून सगळं जग आडवं येतं. मादेशाची विद्या होते. संचारी विजय यांनाही राष्ट्रीय पुरस्कारच मिळाला.

एकाला साडी टाकायची आहे, दुसरीला नेसायची आहे, आणि दोघांचं भांडण एकाच गोष्टीशी आहे: माझ्या देहाचा निर्णय माझ्याआधी गाव का घेतं? नुसता ‘जोगवा’ पाहिला, तर पुरुषानं साडी नेसणं हाच जुलूम, असा सोपा समज घेऊन प्रेक्षक घरी जाईल. तो समज घातक आहे. बळ्ळारी भागातल्या मंजम्मा जोगती यांनाही घरच्यांनी देवीलाच वाहिलं होतं, पण बाई म्हणून जगण्याची ओढ त्यांची स्वतःची होती. जोगती नृत्यातून त्या उभ्या राहिल्या, कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, २०२१ साली पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला दोन्ही राज्यांतून माणसं जातात. देवीला वाहिलेले, साडी नेसणारे जोगप्पा पाहिलेल्या या लोकांना हा फरक समजायला जड जाणार नाही.

हा प्रश्न जुनाट प्रथांचा आणि मागास मुलखाचा, असंही मानू नये. पेर्निले फिशर क्रिस्टेन्सन यांच्या ‘एन सोप’ या डॅनिश सिनेमाला २००६ साली बर्लिन महोत्सवात ज्युरींचं रौप्य अस्वल मिळालं. त्यातली पारलिंगी व्हेरोनिका कोपनहेगनच्या फ्लॅटमध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेच्या सरकारी परवानगीची वाट पाहत बसलेली असते. समलिंगी जोडप्यांच्या नोंदणीचा कायदा १९८९ सालीच जगात सर्वांत आधी करणारा हा देश! तिथेही स्वतःच्या देहासाठी कुणाच्या तरी सहीवर अडून राहावं लागत होतं.

आणि आता, माझ्या प्रेमाचा निर्णयही गाव का घेतं असं विचारणारा, रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ आला आहे. २०२५ साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागात ज्युरींचं सर्वोच्च पारितोषिक मिळवणाऱ्या या मराठी सिनेमात आनंद वडिलांच्या सुतकात गावी येतो. नातेवाईक लग्नाचा लकडा लावतात. त्याला आधार मिळतो तो बालमित्र बाळ्याचा, आणि त्या दोघांचं प्रेम शेताच्या बांधावर, शेळ्यांच्या सोबतीनं फुलतं. आई सगळं ओळखून असते. खेड्यातल्या मुलाला स्वतःची गोष्ट स्वतःच्या बोलीत दिसणं ही फार मोठी गोष्ट आहे. असे सिनेमे पुण्या-मुंबईतच अडकून पडणं हा त्या मुलावरचा अन्याय आहे.

२०२२ साली उदगीरला मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा सीमेवरच्या मराठीचा गौरव झाला. तोच धागा धरून दोन्ही राज्यांच्या सांस्कृतिक खात्यांनी आता भालकीत, आळंदला, बसवकल्याणात हे सिनेमे एकत्र दाखवावेत. त्यानंतरच्या चर्चेला या भागातल्या जोगप्पांना आणि तृतीयपंथी कलावंतांना बोलवावं, मंचावर खुर्ची द्यावी आणि इतर वक्त्यांइतकंच मानधनही द्यावं.